वायफाय लागलं की बोर्ड रिसेट!

प्रश्न: ईएसपी३२ वर (वायफाय असलेला छोटा कंट्रोलर बोर्ड) झाडांना पाणी घालायचा प्रोजेक्ट केलाय, मस्त चालू होता, आता वायफाय जोडायला गेला की रिसेट होतो, सिरियल मॉनिटरवर ब्राउनआउटचा (व्होल्टेज खाली घसरल्याचा) मेसेज येत राहतो. कोडला हातही लावला नाहीये. बोर्ड उडाला का?

उत्तर: नाही हो, बोर्ड बहुतेक ठणठणीत आहे, बोंब पॉवरची आहे. वायफाय सुरू होताना क्षणभर बराच करंट ओढला जातो, म्हणून सप्लाय किमान ५०० मिलिअँपचा हवा, आणि त्यात पंपही त्याच लाईनवर असेल तर विचारूच नका. व्होल्टेज घसरलं की बोर्ड रिसेट करणारा ब्राउनआउट डिटेक्टर कोडमधून बंद करा असं कुणीतरी सांगेलच, ऐकू नका, थर्मामीटर फोडून ताप जातो का? आधी यूएसबी केबल बदला, बारीक केबलमध्ये व्होल्टेज पडतं. मग पंप काढून बघा. रिसेट थांबला तर पंपाला वेगळा सप्लाय द्या, ग्राउंड (मायनसची वायर) मात्र दोन्हींचा कॉमन ठेवा.