शेवगा, कडुनिंब, अडुळसा: पाल्याविषयी आलेल्या प्रश्नांची उत्तरे

राम राम मंडळी. गेल्या पंधरवड्यातल्या गावबैठकांमध्ये पाल्याविषयी तीन प्रश्न आले. शिरपूर तालुक्यातल्या बचत गटाच्या ताईंनी विचारलं, "शेवग्याचा पाला वाळवून पावडर केली तर सत राहस का उडी जास? मोबाइलवर येतं तसं त्यात संत्र्याच्या सातपट क जीवनसत्त्व असतं का?" यावलच्या एका केळी उत्पादक दादांना कडुनिंब आणि तुळशीच्या पाल्याचा अर्क करप्यावर, म्हणजे पानं करपवणाऱ्या बुरशीच्या रोगावर, फवारायचा आहे. तिसरा प्रश्न अक्कलकुव्याकडचा: अडुळशाने लेकराचा खोकला बसतो, मग दवाखाना कशाला?

ताई, तुमच्यापासून सुरू करतो. ताज्या 100 ग्रॅम शेवग्याच्या पाल्यात सुमारे 6 ग्रॅम प्रथिनं, 300 ते 400 मिलिग्रॅम कॅल्शियम आणि 100 ते 200 मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असतं. तेवढ्याच गाईच्या दुधात कॅल्शियम 120 मिलिग्रॅमच्या आसपास, आणि संत्र्यात क जीवनसत्त्व 40 ते 50. म्हणजे सातपट सोडा, पण दुप्पट ते चौपट नक्की. बांधावर फुकट उभ्या असलेल्या झाडासाठी हे थोडं नाही!

वाळवल्यावर मात्र हिशेब बदलतो. पाल्यात तीन चतुर्थांश पाणीच असतं. ते गेलं की 100 ग्रॅम पावडरीत प्रथिनं 25 ग्रॅमच्या घरात दिसतात. कॅल्शियम आणि लोह ही खनिजं आहेत, ती उडत नाहीत. क जीवनसत्त्व हवा आणि उष्णता लागली की बरंचसं जातं, आणि ज्यापासून शरीर अ जीवनसत्त्व तयार करतं ते कॅरोटीन कडक उन्हात जळतं. गेल्या उन्हाळ्यात एका गावात डांबरी रस्त्यावर पाला वाळत घातलेला पाहिला. वरून धूळ, खालून तापलेलं डांबर, आणि पाला पिवळट पडलेला. जीव तुटला माझा. मेहनत पूर्ण आणि हाती चोथा.

आपल्या जळगाव-धुळ्याच्या उन्हाळ्यात पारा 45 च्या वर जातो, त्यामुळे पाला सावलीतसुद्धा दोन-तीन दिवसांत कुरकुरीत होतो. पाला सकाळी तोडा, पिवळी पानं काढा, हलक्या मिठाच्या पाण्यातून आणि मग स्वच्छ पाण्यातून काढून निथळू द्या. हवेशीर खोलीत जाळीवर अगदी पातळ थर पसरा आणि दिवसातून दोनदा हलवा. पान मुठीत चुरलं पाहिजे. वाकत असेल तर ओल आहे, आणि अशी पावडर डब्यात बुरशी धरते. पावसाळ्यात मोकळ्यावर वाळवण्याच्या फंदात पडू नका. डबा हवाबंद आणि अंधारात ठेवा, सहा महिन्यांत संपवा. विकायची असेल तर एफएसएसएआयची (अन्न सुरक्षेची) नोंदणी काढा आणि पाकिटावर रोग बरा करण्याचा दावा लिहू नका.

एक गोष्ट फार कळकळीने सांगतो. आपल्याकडे शेवगा बहुतेक कपाशीच्या बांधावर असतो. कपाशीवर फवारलेल्या औषधाचे तुषार वाऱ्याने त्या पाल्यावर बसतात, आणि ते सगळं धुऊन निघत नाही. खाण्यासाठी पाला हवा असेल तर झाड परसात किंवा विहिरीजवळ, फवारणीपासून लांब लावा.

मोठ्या चमच्यात 8 ग्रॅम पावडर मावते, त्यातून प्रथिनं मिळतात 2 ग्रॅम. 30 ग्रॅम तुरीच्या डाळीतून 6 ते 7 ग्रॅम मिळतात. म्हणून पावडर डाळीच्या जागी नको, डाळीच्या जोडीला हवी. कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या) पिठात मिसळा, फुणक्यांत (डाळीच्या वाफवलेल्या मुटक्यांत) ताजा पाला चिरून घाला. वर लिंबू पिळलं की लोह अंगी लागतं, जेवणाला लागून चहा घेतला की ते वाया जातं. मधुमेहाच्या किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असलेल्यांनी रोज पावडर घेण्याआधी डॉक्टरांना विचारावं. भाजी म्हणून पाला खायला सहसा अडचण नाही. गरोदर बायांनी शेवग्याची साल आणि मूळ पोटात घेऊ नये.

आता दादा, तुमचा करपा. कडुनिंब, तुळस, शेवगा यांच्या अर्काने जंतू आणि बुरशी रोखली जाते, हे प्रयोगशाळेत दिसतं. पण तिथे पाला बहुधा अल्कोहोलमध्ये भिजवून, आटवून दाट अर्क काढतात आणि तो काचेच्या बशीतल्या जंतूंवर थेट टाकतात. आपण बादलीत पाला उकळतो तेव्हा तेवढी तीव्रता येत नाही, आणि उन्हात, पावसात अर्क पानावर टिकतही नाही. शिवाय कडुनिंबाचं मुख्य कीडरोधक द्रव्य, ॲझाडिरॅक्टिन, पाल्यापेक्षा निंबोळीच्या बीच्या आतल्या गरात जास्त असतं. 100 लिटर पाण्याला 5 किलो निंबोळीचा अर्क मावा-तुडतुड्यांसाठी संध्याकाळी जरूर फवारा. पण केळीच्या करप्याला तो पुरणार नाही. करपलेली पानं कापून बागेबाहेर जाळा, पाणी साचू देऊ नका, बुंध्याशी फुटणारी पिलं (नवे कोंब) वेळेवर काढा. रोग वाढत असेल तर प्रोपिकोनॅझोल हे बुरशीनाशक लिटरला 1 मिली, स्टिकर (औषध पानाला चिकटवणारं द्रव्य) घालून फवारा. अर्काच्या भरवशावर पंधरा दिवस गेले तर घडाचं वजन जातं.

अक्कलकुव्याच्या भाऊंना: अडुळशावर तुमच्या वाडवडिलांचा विश्वास खोटा नव्हता. त्याच्या पानातल्या व्हॅसिसिन या द्रव्यावरूनच ब्रोमहेक्सिन हे कफ पातळ करणारं औषध तयार झालं. कफ सुटतो, तेवढं खरं. पण त्याने न्यूमोनियाचे किंवा क्षयाचे जंतू मरत नाहीत. लेकराचा श्वास जलद चालत असेल, बरगड्यांखाली खड्डा पडत असेल किंवा ते दूध ओढत नसेल, तर काढा उकळत बसू नका, त्याच दिवशी आरोग्य केंद्रात न्या. गरोदर बाईला अडुळसा देऊ नका, त्याने गर्भाशय आकुंचन पावतं. घरात कुणाचाही खोकला दोन आठवड्यांवर गेला तर थुंकीची तपासणी करून घ्या, सरकारी दवाखान्यात ती मोफत होते. लेकराचं वजन वाढत नसेल तर अंगणवाडीत दाखवा. येत्या पावसाळ्यात घरामागे शेवग्याची दोन फाटी लावून टाका.