जहाजाला किंवा एखाद्या वस्तूला राष्ट्रीयत्व असू शकतं का?

हो, जहाजाला असतं आणि विमानालाही. नागपुरात समुद्र कुठला, म्हणून आधी विमान घेऊ. सोनेगावला उतरणाऱ्या भारतीय विमानावर 'व्हीटी'ने सुरू होणारी अक्षरं दिसतील. ती भारताची खूण. १९४४ च्या शिकागो करारानुसार विमान जिथे नोंदलेलं त्या देशाचं, आणि एका वेळी दोन देशांत नोंदणी चालत नाही.

जहाजांचं प्रकरण जास्त मजेशीर. १९८२ चा समुद्र कायदा करार म्हणतो, ज्या देशाचा झेंडा लावायचा हक्क, त्याचं राष्ट्रीयत्व. देश आणि जहाज यांच्यात खरा संबंध हवा, असंही त्यात आहे. पण मालक ग्रीक, खलाशी आपले कोकणातले आणि झेंडा पनामाचा, हे सर्रास चालतं. खर्च आणि कर वाचतात ना! किनारा नसलेल्या मंगोलियाच्या झेंड्याखालीही जहाजं फिरतात, तेव्हा आपण विदर्भवाल्यांनी निराश होऊ नये. झेंडा शोभेचा नसतो बरं का. भर समुद्रात जहाजावर गुन्हा घडला, तर सहसा झेंड्याच्या देशाचा कायदा लागतो.

उपग्रहावर नोंदणी करणाऱ्या देशाचा अधिकार राहतो, पण १९६७ च्या अंतराळ करारात त्याला राष्ट्रीयत्व म्हटलेलं नाही. तुमच्या एमएच-३१ गाडीचा तर नुसता नंबरच.