आधी टाउनशिपमध्ये विचारा, मग सर्व्हेअर बोलवा

तुम्ही लिहिलंय की न्यू जर्सीत घेत असलेलं घर एई झोनमध्ये (सरकारी पूरनकाशावरच्या जास्त धोक्याच्या पट्ट्यात) निघालं, फ्लड इन्शुरन्सचा आकडा ऐकून धसका बसला आणि क्लोजिंगला (खरेदीचा व्यवहार पूर्ण व्हायला) तीनच आठवडे उरलेत, तर एलिव्हेशन सर्टिफिकेट (घर आणि त्याला लागून असलेली जमीन किती उंचीवर आहे याचा सर्व्हेअरने दिलेला दाखला) काढावं का? काढा. पण सर्व्हेअरला पैसे देण्याआधी ते आधीच कुणाकडे आहे का ते बघा.

मार्च 2024 पासून न्यू जर्सीत विकणाऱ्याला पुराची माहिती लेखी द्यावी लागते. त्या फॉर्ममध्ये एलिव्हेशन सर्टिफिकेट आहे का, असा प्रश्नच आहे. शिवाय टाउनशिपच्या फ्लडप्लेन अ‍ॅडमिनिस्ट्रेटरला, म्हणजे पूरक्षेत्रातली बांधकामं बघणाऱ्या अधिकाऱ्याला, ईमेल टाका. 2012 च्या सॅन्डी वादळानंतर उचललेली किंवा नव्याने बांधलेली घरं असतील तर त्यांच्या फायलीत प्रत असण्याची बरीच शक्यता असते.

प्रीमियमपुरतं म्हणाल तर फेमाने, म्हणजे सरकारी फ्लड इन्शुरन्स आणि पूरनकाशे सांभाळणाऱ्या फेडरल संस्थेने, ऑक्टोबर 2021 पासून प्रीमियम ठरवायची नवी पद्धत आणली, त्यात हे सर्टिफिकेट सक्तीचं नाही. दिलं आणि त्याने प्रीमियम कमी होत असेल तर ते धरतात, नाहीतर सोडून देतात. म्हणजे देऊन तोटा काहीच नाही.

खरा उपयोग लोमासाठी, म्हणजे नकाशात धोक्याच्या पट्ट्यात दिसणारं घर खरं तर त्याबाहेर आहे असं सांगणाऱ्या फेमाच्या पत्रासाठी. घराला टेकलेली सगळ्यात खालची जमीन बेस फ्लड एलिव्हेशनएवढी (दरवर्षी 1 टक्का शक्यता असलेल्या पुराच्या पाण्याच्या पातळीएवढी) किंवा त्याहून उंच असेल, आणि ती भराव घालून उंच केलेली नसेल, तर फेमाकडे फुकट अर्ज करता येतो. मंजूर झाला की इन्शुरन्सची फेडरल सक्ती जाते. लेंडर मात्र स्वतःची अट ठेवू शकतो. पण सगळी कागदपत्रं पोचल्यावरही निकालाला 60 दिवसांपर्यंत लागू शकतात. तुमच्या क्लोजिंगआधी ते जमणार नाही, त्यामुळे आत्ता पॉलिसी घेऊनच टाका. कर्जासाठी घेतलेल्या पॉलिसीला एरवीची 30 दिवसांची वाट बघावी लागत नाही.

माझं काय झालं ते सांगतो. सर्व्हेअरने घराच्या चारही कोपऱ्यांवर पट्टी धरली, सगळीकडे आकडा बेस फ्लड एलिव्हेशनच्या वर. मी खूश. मग तो मागच्या डेकखाली वाकून गेला. डेक घराला जोडलेला, आणि त्याचा शेवटचा खांब उतारावर, ओल्या पाचोळ्यात उभा. तीच जमीन 'सगळ्यात खालची' धरली गेली आणि 0.3 फुटांनी, म्हणजे जेमतेम साडेतीन इंचांनी, लोमा हुकला. तुमच्या घराला जोडलेला डेक, बाहेरचा जिना किंवा गॅरेज असेल तर सर्व्हेअर यायच्या आधी स्वतः जाऊन बघा. उतार कुठे जातो ते डोळ्यांनीही कळतं.

आणि लोमा मिळाला तरी पॉलिसी सोडू नका, हे मी अगदी कळकळीने सांगतोय. 1 सप्टेंबर 2021 ला आयडा वादळ आलं तेव्हा न्यू जर्सीतल्या मॅनव्हिलमध्ये रॅरिटन नदीचं पाणी घराघरांत शिरलं होतं. ज्या जमिनीवर दरवर्षी पुराची शक्यता 1 टक्का, तिथे 30 वर्षांच्या कर्जाच्या काळात एकदा तरी पूर येण्याची शक्यता 26 टक्के होते. घरमालकाच्या साध्या पॉलिसीत पुराचं नुकसान धरलेलं नसतं.

सर्व्हेअर लायसन्सवाला हवा. त्याला एकदाच सांगा: उंची नॅव्हडी 88 (उंची मोजायची अमेरिकेतली प्रमाण पातळी) मध्ये द्या, फर्नेस, वॉटर हीटर आणि बाहेरच्या एसी युनिटची उंची नीट घ्या, फ्लड व्हेंट (पुराचं पाणी आत-बाहेर जाऊ देणारी भिंतीतली झरोके) असतील तर मोजा, आणि लोमाचा फॉर्मही त्याच फेरीत भरून द्या. दुसऱ्यांदा बोलावलं की दुसऱ्यांदा पैसे लागतात.