ट्यूमर बोर्डात नेमके काय ठरते?

ठाण्यातील आपल्या चार वर्षांच्या भाचीच्या मूत्रपिंडातील गाठीबाबत ‘ट्यूमर बोर्डात ठरवू’ असे डॉक्टर म्हणाले, म्हणून आपण घाबरला आहात. कृपया घाबरू नका. प्रकरण हाताबाहेर गेले, असा त्याचा अर्थ मुळीच नाही.

ट्यूमर बोर्ड म्हणजे तज्ज्ञांची बैठक. तीत बालकर्करोगतज्ज्ञ, बालशल्यविशारद, किरणोपचारतज्ज्ञ, रेडिओलॉजिस्ट (स्कॅन वाचणारे) आणि पॅथॉलॉजिस्ट (गाठीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासणारे) एकत्र बसून एकेका मुलाचे कागद पाहतात. पडद्यावर सीटी स्कॅनचे काप एकामागून एक सरकतात आणि गाठीचा अंश मूत्रपिंडाच्या शिरेतून पुढे महाशिरेत शिरला आहे का, हे रेडिओलॉजिस्ट बोट ठेवून दाखवतात. मग खरा प्रश्न येतो, तो उपचारांच्या क्रमाचा. विल्म्स ट्यूमर, म्हणजे लहान मुलांच्या मूत्रपिंडाचा कर्करोग, असल्यास युरोपीय पद्धतीत सहसा आधी 4 ते 6 आठवडे केमोथेरपी देऊन गाठ आक्रसवतात, कारण शस्त्रक्रियेत ती फुटली तर कर्करोगाचा टप्पा (स्टेज) वाढतो आणि अनेकदा पोटाला किरणोपचार द्यावे लागतात; अमेरिकी पद्धतीत बहुधा शस्त्रक्रिया आधी होते. असा निर्णय एकट्या शल्यविशारदाने घेऊ नये, असे मला मनापासून वाटते.

पालकांना बहुधा आत बोलावत नाहीत. निर्णय नंतर समजावून सांगतात.

खारघरच्या अॅक्ट्रेकमध्ये (टाटा स्मारक केंद्राच्या कर्करोग संस्थेत) किंवा परळच्या टाटा रुग्णालयात जाणार असाल, तर केवळ छापील अहवाल नेऊ नका. स्कॅनची सीडी न्या आणि बायोप्सी झाली असल्यास प्रयोगशाळेतून स्लाइड व मेणाचे ब्लॉक (ज्यांत गाठीचा तुकडा जपून ठेवलेला असतो) मागून घ्या.