स्टोमाभोवतीची कातडी जळणारच, असं कोण म्हणालं?

“कातडी लाल झालीय, चुरचुरतेय. पण पोटावर पिशवी म्हटली की एवढं व्हायचंच ना?”

स्टोमा झालेल्या माणसांकडून, म्हणजे ज्यांचं आतडं शस्त्रक्रियेनं पोटावर आणून तिथून शौचाची वाट काढली आहे त्यांच्याकडून, हे वाक्य मी सतत ऐकते. विचारतात प्रश्नासारखं, पण सूर मान तुकवल्याचा असतो. म्हणून उत्तर आधीच देते. नाही, व्हायचंच असं नाही. स्टोमाभोवतीची कातडी पोटावरच्या बाकीच्या कातडीसारखीच दिसायला हवी. आग, ओल, सालपटं निघणं, यांतलं काहीही गृहीत धरू नका. त्यामागे कारण असतं आणि शोधलं तर बहुतेक वेळा ते सापडतं.

मी समुपदेशक आहे. पिशवीचं तंत्र आमच्या स्टोमा सिस्टर बघतात. माझ्याकडे माणसं येतात ती झोप उडाली, बाहेर जाणं बंद झालं, घरात चिडचिड वाढली म्हणून. पण इतक्या जणांचं ऐकल्यावर माझी खात्री झाली आहे की जळणाऱ्या कातडीच्या मागे पुष्कळदा एखादा विचार ठाण मांडून बसलेला असतो. तो हलला नाही तर सिस्टरांनी दिलेली पावडर कपाटातच राहते.

सुमनताईंचं उदाहरण सांगते. नाव आणि काही तपशील अर्थातच बदलले आहेत. सांगलीकडच्या, पंचावन्नच्या आसपासच्या, गावात ब्लाऊज-परकर शिवण्यात नावाजलेल्या. गुदाशयाच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया झाली आणि आतला जोड भरून येईपर्यंत लहान आतड्याचा तात्पुरता स्टोमा केला होता, म्हणजे इलिओस्टॉमी. सून त्यांना घेऊन आली ती वेगळ्याच तक्रारीनं. “आई जेवत नाहीत, कुणाशी बोलत नाहीत, देवघरात पाऊल टाकत नाहीत. रोज दोन-दोनदा पिशवी बदलतात आणि मला आत येऊ देत नाहीत.”

मी सुमनताईंना विचारलं, “बदलताना काय काय करता?”

“डेटॉलच्या पाण्यानं पुसते. मग साबण लावून घासते. मग हळद घालून खोबरेल.”

“एवढं कशासाठी?”

“मॅडम, संडासच की तो. पोटावर घेऊन हिंडायचं, तर घासायला नको?”

“आणि लाल कुठं झालंय?”

“सगळीकडं.”

“बघितलंत?”

त्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, “बघवत नाही. वर छताकडं बघते आणि हातानं चाचपून लावते.”

माझा कल विवेकनिष्ठ उपचारपद्धतीकडे आहे. घडलेल्या गोष्टीपेक्षा तिच्याविषयी आपण मनाशी काय म्हणतो, त्यानं आपलं वागणं ठरतं, असं मी मानते. सुमनताई मनाशी म्हणत होत्या, ‘मी घाण झाले.’ त्यातून दोन गोष्टी निघत होत्या, घासायचं आणि बघायचं नाही. देवघरात जावं की नाही यावर मी एक शब्द बोलले नाही, ते त्यांचं त्यांनी ठरवायचं. मी एवढंच म्हटलं, “घाणीमुळं कातडी जळते असं तुम्ही म्हणता. ठीक आहे, पुरावा बघू. पुढच्या वेळी पिशवी इथंच बदलायची. उघड्या डोळ्यांनी.”

दोन वेळा त्यांनी टाळलं. तिसऱ्यांदा आल्या आणि सिस्टरांनी बेसप्लेट काढली. बेसप्लेट म्हणजे कातडीला चिकटणारी चकती, जिच्यावर पिशवी बसते. वरच्या कडेपासून, एका हातानं कातडी दाबून धरत, हळूहळू. एरवी सुमनताई ती तीन वर्तमानपत्रांत गुंडाळून, तोंड फिरवून टाकून देत. सिस्टरांनी ती स्वच्छ कागदावर उलटी ठेवली आणि दिवा जवळ ओढला. मी म्हटलं, “तुमच्या पोटाकडे नंतर, आधी हिच्याकडे बघू.”

सुमनताईंनी पर्समधून चष्मा काढला, सुई ओवायला लावायचा तो. भोकाच्या भोवती चिकट थर विरघळून पांढुरका, फुगलेला झाला होता. खालच्या बाजूला तर तो पार वाहून गेला होता आणि तिथून कडेपर्यंत एक पिवळट ओघळ गेला होता. मग सिस्टरांनी मापाचं कार्ड स्टोमावर धरलं. 28 मिलिमीटर.

“तुम्ही भोक केवढं कापता?”

“40. दवाखान्यातून सोडताना चिठ्ठीवर लिहून दिलंय.”

ती चिठ्ठी तीन महिन्यांपूर्वीची होती. शस्त्रक्रियेनंतर स्टोमा सुजलेला असतो. पुढच्या सहा ते आठ आठवड्यांत तो आकसत जातो आणि म्हणून माप पुन्हा पुन्हा घ्यायचं असतं. मी विचारलं, “सुमनताई, बाळंतिणीच्या मापावर वर्षभरानं ब्लाऊज बेतता का?”

त्यांनी पहिल्यांदाच खाली, स्वतःच्या पोटाकडे बघितलं. लाल कडं स्टोमाला लागून होतं, सगळीकडे साधारण सहा मिलिमीटर रुंद. भोक जेवढं मोठं होतं, तेवढंच. खालच्या बाजूला मात्र ते वळीच्या रेषेत ओघळलं होतं. बराच वेळ त्या बघत राहिल्या आणि मग त्यांच्या कामातला शब्द आपसूक आला, “हे तर ढगळ झालंय हो.”

आणि थोड्या वेळानं, “म्हणजे घाणीमुळं नाही?”

माझ्या कामातले असे क्षण मी जपून ठेवते. मी तासभर समजावून जे झालं नसतं, ते एका उलट्या ठेवलेल्या चकतीनं केलं. लाज वाटते म्हणून माणूस बघत नाही, बघत नाही म्हणून मोजत नाही, आणि मोजत नाही म्हणून कातडी जळते. वरून ती जळलेली कातडी पुन्हा लाजेचा पुरावा ठरते. ही साखळी सुमनताईंच्या आधी मी बोलून दाखवत असे. आता मी ती दाखवते. काढलेली बेसप्लेट उलटी करून बघा, हे मी प्रत्येकाला पहिल्याच भेटीत सांगते. चिकट थर कुठे विरघळला, ओघळ कोणत्या दिशेनं गेला, हे तिच्यावर स्पष्ट दिसतं.

कारण साधं आहे. लहान आतड्यातून येणारा मळ पातळ असतो आणि त्यात पाचक रस असतात. प्रथिनं पचवणं हे त्यांचं काम, आणि कातडीही प्रथिनांचीच. उघड्या राहिलेल्या रिंगणावर ते तासन्‌तास साचले की कातडी सोलवटते. सोललेली कातडी ओलसर असते, तिच्यावर बेसप्लेट धरत नाही, मग गळती, मग पुन्हा घासणं. डेटॉल, स्पिरिट, सुवासिक साबण ही आग आणखी वाढवतात आणि तेलकट काहीही लावलं की बेसप्लेट निसटलीच. हळद-खोबरेल बाकी शरीराला लावा, इथे नको.

ही लढाई जुनी आहे आणि बऱ्याच अंशी जिंकलेली आहे, हे मी आवर्जून सांगते. इंग्लंडमधले शल्यविशारद ब्रायन ब्रुक यांनी 1952 मध्ये आतड्याचं टोक उलटं दुमडून थोडं वर उचललेलं ठेवायची पद्धत मांडली. मळ कातडीवर न पसरता थेट पिशवीत पडावा, हा त्यातला मोठा फायदा. अमेरिकेत क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये डॉ. रूपर्ट टर्नबुल यांनी त्याच दशकात कातडीच्या रक्षणासाठी कराया डिंक वापरात आणला. हा डिंक आपल्या कांडोळाचा, सह्याद्रीत आणि मेळघाटात दिसणाऱ्या पांढऱ्या खोडाच्या झाडाचा. आजच्या बेसप्लेटमध्ये पेक्टिन, जिलेटिन वगैरेंचं मिश्रण असतं, पण कल्पना तीच. याच टर्नबुल यांनी 1958 मध्ये स्टोमा झालेल्यांना शिकवायला नॉर्मा गिल यांना नेमलं. त्या परिचारिका नव्हत्या. इलिओस्टॉमी झालेल्या, त्यांच्याच रुग्ण होत्या. स्टोमाच्या काळजीचं हे शास्त्र अशा बाईपासून सुरू झालं, हे ऐकून सुमनताई ताठ बसल्या होत्या.

आता रोजच्या कामाचं. पिशवी बदलायला सकाळची, चहा-नाश्त्याच्या आधीची वेळ बरी, तेव्हा स्टोमा शांत असतो. उजेड हवा, आरसा हवा. कोमट साधं पाणी आणि मऊ कापड पुरेसं आहे. टिपून कोरडं करा, घासू नका. पुसताना स्टोमावर रक्ताचा ठिपका दिसला तर घाबरू नका, तो नाजूक असतो आणि त्याला वेदना कळत नाही. मात्र रक्त थांबत नसेल किंवा स्टोमाचा लाल रंग जाऊन तो जांभळा-काळा दिसू लागला तर त्याच दिवशी सर्जन गाठा.

भोक स्टोमापेक्षा दोन-तीन मिलिमीटरच मोठं ठेवा. स्टोमा लांबट असेल तर गोल भोक कापू नका, कागदावर त्याचा आकार उतरवून घ्या. माप झोपून घेतलंत तरी एकदा बसून बघा, कारण वळ्या बसल्यावर पडतात. तिथे खळगा होत असेल तर पेस्ट किंवा मऊ रिंग लावून तो बुजवायचा. पेस्टला अनेक जण गोंद समजतात आणि भरमसाट लावतात. तिचं काम फट भरण्याचं, आणि सोललेल्या कातडीवर अल्कोहोल असलेली पेस्ट झोंबते. स्टोमा पावडर ओलसर जागीच भुरभुरा आणि जास्तीची झटकून टाका, नाहीतर तिच्यामुळेच बेसप्लेट सुटेल. लावल्यावर तळहात एक-दोन मिनिटं दाबून ठेवा, ऊब मिळाली की ती नीट धरते.

पिशवी एक तृतीयांश ते अर्धी भरली की रिकामी करायची. भरून लोंबली की तिच्या वजनानं बेसप्लेट उचलली जाते. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, खाली खाज किंवा आग जाणवली तर बाहेरून गळती दिसत नसली तरी बेसप्लेट बदला. वरून चिकटपट्टी मारून ‘आजचा दिवस निघेल’ म्हणणं फार महागात पडतं. पैशाची काळजी मला समजते, या वस्तू स्वस्त नाहीत. पण नीट बसलेली बेसप्लेट साधारण तीन-चार दिवस टिकते आणि सुमनताई रोज दोन फेकत होत्या. लाल भागाच्या पलीकडे बारीक पुरळ पसरलं आणि खूप खाज असली तर बुरशीची शंका असते. तिथे घरातलं जुनं मलम लावू नका, डॉक्टरांना दाखवा.

गळू नये म्हणून जेवण आणि पाणी तोडणारेही खूप भेटतात. इलिओस्टॉमीत पाणी आणि क्षार आधीच जास्त बाहेर जातात. पाणी कमी करणं थेट धोक्याचं आहे.

सुमनताईंची ओल आठवडाभरात थांबली, लाली उतरायला थोडा जास्त वेळ लागला. पण एक गोष्ट त्यांनी आम्हाला शिकवली. त्यांच्या परकराची नाडी नेमकी बेसप्लेटच्या खालच्या कडेवर आवळली जायची आणि गळतीचा दुसरा मार्ग तिथे होता. सिस्टरांच्या किंवा माझ्या ते लक्षातच आलं नव्हतं. त्यांनी स्वतःच शोधलं आणि नाडीऐवजी रुंद, सैल पट्टा लावलेला परकर शिवला. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तो नेसून तीन तास बसल्या. आता आमच्याकडे येणाऱ्या साडीवाल्या बायकांना सिस्टर नाडी कुठे बांधता हे आधी विचारतात. पुरुषांना पट्टा आणि लुंगीची गाठ.

सून आता आत येते का, हे मी विचारलं होतं. “येते. माप ती घेते, कापते मी. तिचा हात कात्रीला बसलेला नाही अजून.”

तुमच्या घरी असा त्रास असेल तर स्टोमा सिस्टर कुठे आहेत ते आधी शोधा. मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालयात स्टोमा क्लिनिक आहे. ऑस्टोमी असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्थाही मुंबईतच आहे. दुसरीकडे असाल तर शस्त्रक्रिया केलेल्या सर्जनकडे विचारा. जाताना नेहमीचं सामान, नेहमी घालता ते कपडे आणि शेवटची काढलेली बेसप्लेट, पिशवीत बंद करून, सोबत न्या. आणि पोटाचा फोटो काढून ठेवायचा असेल तर बेसप्लेट काढल्या काढल्या, पुसून झाल्यावर लगेच काढा. नवी बेसप्लेट बसली की कातडी पुन्हा झाकली जाते.