‘अंगठा घेत नाही’ म्हणून आईचं पेन्शन अडकलं

प्रश्न : आईचं वय ७६. वडिलांच्या मागे तिला कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं. ते जमा होतं त्या खात्यातून जानेवारीपासून पैसे काढता येत नाहीत. शाखेत ‘केवायसी संपली’, म्हणजे ओळखीच्या कागदांची मुदत संपली, एवढंच सांगतात. आई अंथरुणाला खिळलेली आहे. तरी एकदा रिक्षातून नेली, तर मशीनवर अंगठा उमटेना. शिवाय पासबुकावर नावाला ‘बाई’ जोडलंय, आधारवर नाही. ‘आधी आधार दुरुस्त करा, मग या,’ म्हणून परत पाठवलं. यापूर्वी कागद दिल्याची पोच ऑक्टोबर २०१५ची आहे. बँकेवर दावा लावता येईल का?

उत्तर : ताई, दाव्याचं नंतर बघू. त्याला वर्षं लागतात आणि आईला औषधं याच महिन्यात हवीत.

आधी बँकेची बाजू. ओळखीचे कागद मागण्याचा अधिकार तिला आहे, किंबहुना ते तिच्यावर बंधन आहे. मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायदा २००२चा, त्याखालचे नियम २००५चे. म्हणून ‘इतक्या वर्षांचं खातं, आता कसली ओळख मागता?’ हा वाद घालू नका. तिथे तुम्ही हराल. बँक चुकली आहे ती खातं अडवण्याच्या पद्धतीत.

तुमची २०१५ची पोच जपून ठेवा, सगळी गंमत तिच्यात आहे. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार जास्त जोखमीच्या (म्हणजे खात्याचा गैरवापर होण्याची शक्यता जास्त असलेल्या) ग्राहकाची केवायसी निदान दर दोन वर्षांनी, मध्यम जोखमीची आठ वर्षांनी आणि कमी जोखमीची दहा वर्षांनी नव्याने करायची असते. आई कोणत्या गटात आहे हे बँक सांगणार नाही, ते गुप्त ठेवायचा नियमच आहे. पण २०१५नंतर थेट २०२५मध्ये मुदत संपली असेल, तर बँकेने तिला कमी जोखमीचीच धरलंय, हे वेगळं विचारायची गरज उरत नाही. आणि अशा ग्राहकाचे व्यवहार मुदत संपल्यापासून एक वर्ष किंवा ३० जून २०२६, यांतली नंतरची जी तारीख असेल तोवर चालू ठेवायचे, असं रिझर्व्ह बँकेने जून २०२५मध्ये सांगितलं आहे. ऑक्टोबर २०२५ची मुदत आणि जानेवारीत खातं बंद, हे या हिशोबात बसत नाही.

त्याच आदेशात सूचनांचंही आहे. मुदतीपूर्वी किमान तीन सूचना, मुदतीनंतर किमान तीन स्मरणपत्रं, आणि दोन्ही वेळी त्यांतली निदान एक टपालाने. ‘मेसेज पाठवला होता,’ हे उत्तर पुरत नाही. (अशा घरांत तो मेसेज बऱ्याचदा गेलेल्या माणसाच्या बंद नंबरवर गेलेला असतो.) पत्रांच्या प्रती मागा.

आता अंगठा. म्हातारपणी बोटांच्या रेघा झिजतात, यात आईचा काय दोष? मशीनवरची पडताळणी हा ओळख पटवण्याचा एकमेव मार्ग नाही. मतदार ओळखपत्र, पासपोर्ट, वाहन परवाना हेही ग्राह्य आहेत. मतदार ओळखपत्रावर पासबुकाप्रमाणेच ‘बाई’सकट नाव असेल तर तेच पुढे करा, नावाचा तिढा तिथेच सुटेल आणि आधार दुरुस्तीच्या रांगेत उभं राहावं लागणार नाही. नसेल, तर दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र जोडा. नियमात त्याचा वेगळा उल्लेख नाही, पण शाखाधिकाऱ्याला फाइलमध्ये लावायला कागद लागतो, हे अनुभवाने सांगतो. २०१५च्या माहितीत काहीच बदल नसेल, तर तसं आईच्या सहीचं स्वयंघोषणापत्रही चालतं.

आणि आईला पुन्हा रिक्षात घालू नका! सत्तरीपुढच्या ग्राहकांचे केवायसीचे कागद घरी येऊन घ्यावेत, पैसेही घरपोच द्यावेत, यासाठी व्यवस्था करा, असं रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१७मध्येच बँकांना सांगितलं आहे. शाखेत हे बोर्डावर लिहिलेलं सहसा सापडत नाही. मागावं लागतं.

हे सगळं एका पानाच्या अर्जात लिहा, आईची सही किंवा अंगठा घ्या, कागद जोडा आणि तारखेसह पोच घ्या. तोंडी बोलणं बंद. अर्जात हे वाक्य जरूर घाला : ‘खाते कोणत्या कारणाने व कोणाच्या आदेशाने थांबवले, ते लेखी कळवावे.’ कारण काउंटरवर ‘केवायसी’ हा शब्द कशालाही वापरतात. अडवणूक पोलिसांच्या पत्रावरून असेल, तर ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०६ची (पोलिसांच्या जप्तीच्या अधिकाराची) बाब ठरते. मग रस्ता वेगळा, तो दंडाधिकाऱ्यांकडे जातो. तसं निघालं तर मला पुन्हा लिहा.

तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. तक्रार ऑनलाइन होते, फी नाही. मात्र तोवर ग्राहक आयोगात जाऊ नका. तिथे प्रकरण चालू असेल तर लोकपाल तीच तक्रार घेत नाही. वकील शोधू नका, वकिलामार्फत केलेली तक्रार तिथे चालतच नाही. आईच्या वतीने तुम्ही करू शकता, फक्त तिचं अधिकारपत्र जोडा.