पोळी खाल्ल्यावर पोट फुगते. ग्लुटेन खरेच घातक असते, की हे शहरी फॅड आहे?

महिनाभर गहू बंद करून पाहावा का, असे आपण विचारले आहे. सिलिॲकची तपासणी होईपर्यंत मुळीच बंद करू नका. सिलिॲक म्हणजे गहू-जवातल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे प्रतिकारशक्ती आपल्याच लहान आतड्याला इजा करते तो आजार. टीटीजी-आयजीए ही रक्ताची तपासणी आणि त्यानंतर दुर्बिणीतून घेतलेला लहान आतड्याचा तुकडा, या दोन्हींत आजार दिसण्यासाठी पोटात रोज गहू जात असावा लागतो. आधीच पोळी सोडली, तर आजार असूनही अहवाल निर्दोष येऊ शकतो.

'फॅड' हा शब्द मात्र मला लागला, कारण माझ्या थोरल्या जाऊबाईंच्या तोंडून तो मी सहा वर्षे ऐकत आले आहे.

माझी मुलगी नऊ वर्षांची असताना तिचे हिमोग्लोबिन ७.४ होते. वर्गात सर्वांत कमी उंची तिची, तोंड वरचेवर येई, आणि दोन वर्षे लोहाची औषधे देऊनही रक्त वाढत नव्हते. जुलाब कधीच नव्हते, त्यामुळे पोटाकडे कोणाचेच लक्ष गेले नाही. 'भाज्या खात नाही' हा ठपका तिच्यावर आणि माझ्यावर मात्र बसला. निदान झाल्यावर कारण कळले. लोह मुख्यत्वे लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात शोषले जाते, आणि सिलिॲकमध्ये ग्लुटेनमुळे बिथरलेली प्रतिकारशक्ती तिथलेच रसांकुर, म्हणजे अन्नरस शोषणारे आतड्याच्या अस्तराचे बारीक उंचवटे, झिजवून सपाट करते. औषध पोटात जात होते, पण रक्तात उतरत नव्हते. कॅल्शियमचेही तेच होते, म्हणून या आजारात हाडे ठिसूळ होतात.

गहू सोडणे म्हणजे केवळ पोळी सोडणे नव्हे. बाजारातल्या बहुतेक हिंगपुडीत मैदा किंवा गव्हाचे पीठ असते, थालीपिठाच्या भाजणीत गहू असतो, सातूच्या पिठात गहू किंवा जव असतो. ज्वारी निर्धोक, परंतु गिरणीत गव्हाच्या दळणामागून दळली की तीही निर्धोक राहत नाही. म्हणून आम्ही घरगुती चक्की घेतली. एवढे करूनही श्रावणातल्या सत्यनारायणाला जाऊबाईंनी माझ्या नकळत मुलीच्या हातावर रव्याचा शिरा ठेवला. 'प्रसादाला नाही म्हणू नये, चमचाभराने काय होते,' असे त्या म्हणाल्या. त्या रात्री तिला उलट्या झाल्या आणि पुढचे चार दिवस ती अंथरुणाला खिळून होती.

हे आजकालचे खूळ नाही. नेदरलँड्समध्ये १९४४-४५च्या उपासमारीच्या हिवाळ्यात पाव मिळेनासा झाला, तेव्हा या आजाराची मुले उलट सुधारली आणि पाव परत आल्यावर पुन्हा खालावली. विलेम डिके या बालरोगतज्ज्ञांना युद्धापूर्वीपासूनच गव्हाचा संशय होता आणि १९५०च्या आपल्या प्रबंधात त्यांनी तो सप्रमाण मांडला. उत्तर भारतात, जिथे दोन्ही वेळा गहूच खाल्ला जातो, हा आजार अधिक आढळतो. चमचाभराचे म्हणाल, तर आपल्या कायद्यानेही 'ग्लुटेनमुक्त' म्हणायचे तर किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही. जाऊबाईंची श्रद्धा मला मान्य आहे, पण देवाने लेकराला दुखवून प्रसाद खाऊ घाला असे सांगितलेले नाही. यंदा तांदळाच्या रव्याचा शिरा मी वेगळ्या पातेल्यात करून नेणार आहे. गुरुजींना विचारले, त्यांची हरकत नाही.

मी डॉक्टर नाही, आणि आपल्याला सिलिॲकच असेल असेही नाही. तपासणी निर्दोष येऊनही गव्हाने त्रास होणारे लोक असतात. त्यांच्या आतड्याला तशी इजा होत नाही, त्यासाठी वेगळी खात्रीची चाचणीही नाही, आणि कित्येकदा दोष ग्लुटेनचा नसून गव्हातल्या फ्रुक्टान या शर्करेचा असतो, जी कांदा-लसणातही असते. अशांनी डॉक्टरांना विचारून गहू कमी करून पाहावा. त्यांच्या बाबतीत चमचाभर शिऱ्यावरून माझ्यासारखे भांडायला नको.